एकाचेही डोळे मिटलेले नाहीत

रत्नागिरीत मारुती मंदिराकडून नाचण्याच्या रस्त्याला लागलं की हरिहर फोटो स्टुडिओ लागतो. या स्टुडिओची ख्याती अशी, की त्याच्या अल्बमात कुणाचे डोळे मिटलेले सापडत नाहीत. नवरीच्या आत्याचे नाहीत, पंगतीत डुलक्या काढणाऱ्या आजोबांचे नाहीत, इतकंच काय, होमाच्या धुरात बसलेल्या भटजींचेही नाहीत. लोकांना वाटतं, हे हरिहरांचं कसब. खरं तर ते त्यांच्या बायकोचं, कुसुमताईंचं. आणि कुसुमताई कॅमेऱ्याला हातसुद्धा लावत नाहीत.

कामाची वाटणी अशी होती. हरिहर काउंटरवर बसून पासपोर्टचे फोटो काढत. लग्नं आणि मुंजी त्यांची मुलगी मनस्विनी करी. आणि तिने काढलेल्या फोटोंतून चांगले कुठले, वाईट कुठले हे ठरवायला कुसुमताई बसत. बसत म्हणजे तांदूळ निवडायला बसावं तशाच बसत. चष्मा, शेजारी कोकम सरबत, आणि दाराकडे पाठ. त्यांचे नियम चार होते. डोळे मिटलेले, टाकून दे. तोंड उघडं, टाकून दे. पाय कापला गेलाय, टाकून दे. आणि माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसेल तर थोडा विचार कर, आणि मग टाकून दे.

या कडकपणामागे एक दुखणं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुसुमताईंच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात एकशे चार फोटो आहेत आणि एकातही त्यांचे डोळे उघडे नाहीत. कॅमेरा समोर आला की त्यांची पापणी पडतेच. लग्नानंतर हरिहरांनी चौतीस वर्षं प्रयत्न केले. सणाला, सहलीला, बारशाला. 'एक, दोन, तीन' म्हणून काढले, न सांगता काढले, एकदा तर गॅसपाशी उभ्या असताना मागून हाक मारून काढले. भाजी करपली आणि डोळे मिटलेलेच आले. शेवटी हरिहरांनी नाद सोडला, आणि कुसुमताईंनी तर जगातल्या बाकी सगळ्यांचे डोळे उघडे ठेवण्याचा विडा केव्हाच उचलला होता.

कॅमेऱ्यातून काढलेली मेमरी कार्डं ठेवायला जुना मसाल्याचा डबा होता. डावीकडच्या वाट्या भरलेल्या कार्डांच्या, उजवीकडच्या रिकाम्या कार्डांच्या. डावीकडे टाकलेलं कार्ड कुसुमताई उचलणार, निवडणार, पुसणार आणि उजवीकडे ठेवणार. पुसणंही साधं नाही. कॉम्प्युटर विचारतो, झटपट पुसू की पूर्ण पुसू? कुसुमताई कायम पूर्ण पुसत. वरवर विसळलेलं भांडंसुद्धा त्यांना चालायचं नाही, मग कार्ड कसं चालेल?

तर अशा या घरात यंदा सेकंदाला चाळीस फोटो काढणारा कॅमेरा आला.

"चाळीस?" हरिहर म्हणाले. "अगो, छत्तीसच्या एका रिळात आम्ही अख्खं लग्न बसवायचो."

पहिल्याच मुंजीत मनस्विनीने बटूने तोंडात लाडू घातल्याचे एकशे साठ फोटो आणले. कुसुमताईंनी ते एकामागून एक बघितले. "मने, हा लाडू पहिल्या फोटोत जेवढा आहे तेवढाच शेवटच्या फोटोत आहे. मी काय करू गो या लाडवाचं?"

मनस्विनीने तो कॅमेरा लाडवासाठी घेतलाच नव्हता. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तिला लग्नांचा मनापासून कंटाळा आला होता. सप्तपदी हळू चालते, सुपारी जागेवरून हलत नाही, नवरा तर मुळीच हलत नाही. तिला हलणारं, उडणारं, धडपडणारं काहीतरी हवं होतं. आणि ते तिला सापडलं होतं स्टुडिओपासून तीन किलोमीटरवर, आंबा भरायच्या एका आवारात.

तिथे शमिका होती. केळशीची, वय एकोणीस, कॉलेजसाठी रत्नागिरीत खोली घेऊन राहणारी. तिच्या मुंबईच्या मामाने तिला एक स्केटबोर्ड आणून दिला होता. मामाला वाटलं होतं, चार दिवस खेळेल आणि माळ्यावर टाकेल. शमिकाने तीन वर्षांत चार फळ्या मोडल्या. रस्त्यावर खड्डे, कॉलेजात वॉचमन, म्हणून ती गुळगुळीत जमीन शोधत हिंडत होती, आणि त्या आवाराचा कोबा असा, की त्यावर सांडलेलं दूध भरून परत घ्यावं. आवाराचे मुकादम रावजी. त्यांनी आधी हाकललं, मग दुरून पाहिलं, मग संध्याकाळची पाळी संपल्यावर स्वतःच कोबा झाडून ठेवायला लागले.

मनस्विनी महिनाभर रोज संध्याकाळी तिथे जात होती. घरी सांगायची, "शमिकाच्या उड्या काढायला जाते."

"उड्या मारायचं वय तिचं आहे, तुझं नाही," कुसुमताई म्हणायच्या आणि पुन्हा निवडायला लागायच्या.

आता खरी गोष्ट. मंगळुरूला होणाऱ्या एका स्केटबोर्ड महोत्सवाला फोटोग्राफर हवा होता. पाच दिवस, देशभरातले खेळाडू, आणि तिथून पुढे वर्षभराच्या स्पर्धा. पाठवायचा एकच फोटो. थोडा कापला तर चालेल, पण त्यात काही घालायचं नाही की काढायचं नाही, आणि मूळ फाइल सोबत हवी. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहा. मनस्विनीचं त्यावर इतकं मन बसलं होतं, की मुंज लागताना मंगलाष्टकांत तिला 'मंगळुरू'च ऐकू यायचं.

गुरुवारी संध्याकाळी शमिकाने चार रिकामे क्रेट ओळीने मांडले. त्यांच्यावरून उडायचं, आणि हवेत असतानाच फळीने पायाखाली एक पूर्ण गिरकी घ्यायची, मग परत पायाखाली येऊन जमिनीवर उतरायचं. ही उडी तिला आजवर एकदाही साधली नव्हती.

मनस्विनी वाइड लेन्स लावून क्रेटच्या पुढ्यात कोब्यावर पालथी पडली. इतकी जवळ, की शमिका चुकली तर सरळ तिच्या पाठीवर उतरली असती.

"ह्या क्रेटात उद्या हापूस भरायचाय, बाय, मोडू नको," रावजींनी शमिकाला बजावलं. मग खाली बघून म्हणाले, "आणि तू गो? निजलीस काय हितं? माणसं काय म्हनतील?"

माणसं जमलीच होती. पेट्या भरणारी सखू, ट्रकवाला सागर, शेजारच्या वाडीतली सात-आठ मंडळी. शमिका बावीस वेळा पडली. दर वेळी सखू "आई गं" म्हणे, दर वेळी मनस्विनीचा कॅमेरा फडफडे. तेविसाव्या वेळी काहीतरी वेगळं झालं. फळी सुटली, फिरली, परत आली, आणि शमिका क्रेटच्या पलीकडे दोन्ही पायांवर उतरून घरंगळत पार वजनकाट्यापर्यंत गेली. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे विसरलेच होते.

आनंदाच्या भरात शमिकाने लगेच चोविसावी मारली आणि फळी मधोमध मोडली. पाचवी. नवी यायला आठ दिवस.

"आला ना पण एक तरी?" तिने ढोपर पुसत विचारलं.

मनस्विनीने छोट्या पडद्यावर पाहिलं. शमिका आकाशात, ओठ दाताखाली, डोळे गच्च मिटलेले, केस चारी दिशांना, फळी उभी. "एक काय, चाळीस आले," ती म्हणाली. घरी येताना तिने स्कूटर इतकी हळू चालवली, की बॅगेतल्या कार्डाला धक्काही लागू नये.

आणि घरी आल्यावर, हात धुवायच्या आधी, अकरा वर्षांच्या सवयीने, तिने ते कार्ड मसाल्याच्या डब्यात डावीकडच्या वाटीत टाकलं.

शुक्रवारी पहाटे ती मुंजीसाठी लोट्याला गेली. कंपनीतल्या कुणा इंजिनिअरचा मुलगा, पाहुणे अर्धे शिफ्ट संपवून आलेले, अर्धे शिफ्टला निघालेले. मनस्विनी दिवसभर हवेत तरंगत होती. यजमानीणबाईंनी विचारलं, "सगळं नीट येतंय ना?" तर ती म्हणाली, "फळी अगदी उभी आलीये." बाईंनी तिला ताकाचा ग्लास दिला आणि सावलीत बसवलं.

साडेपाचला ती स्टुडिओत परतली. कार्ड काढायला डबा उघडला. डावी वाटी रिकामी. उजव्या वाटीत कार्ड लख्ख पुसून ठेवलेलं.

"आई," ती म्हणाली. "इथलं कार्ड?"

"झालं की निवडून," कुसुमताई म्हणाल्या. "जेवायच्या आत संपवलं. दोन हजार सहाशे होते, नऊ ठेवलेत. कसले गो ते फोटो? प्रत्येकात त्या मुलीचे डोळे मिटलेले. तोंड तर असं, जसं काही दाढ काढतायत."

"आई, ते उडीचे होते!"

"मला कळलं ना ते. पण कितीही उडी मारली तरी डोळे मिटायचे कशाला?"

मनस्विनी खुर्चीत बसली. तिला रडूच आलं, आणि रडायलाही वेळ नव्हता, म्हणून रागही आला. महिनाभर कोब्यावर पालथं पडून ढोपरं सोलली, बावीस वेळा एका पोरीला पडताना पाहिलं, ते सगळं तिच्या आईने कोकम पीत पीत पुसून टाकलं होतं. पूर्ण पुसून. आणि कार्ड डावीकडे टाकलं होतं तिनेच, त्यामुळे धड भांडताही येईना.

"किती वाजता द्यायचंय ते?" काउंटरवरून हरिहरांनी विचारलं. त्यांच्यासमोर पासपोर्टसाठी आलेला एक माणूस श्वास रोखून बसला होता.

"सहाला."

"मग नऊ बघून घे आधी. आणि तुम्ही श्वास सोडा हो."

फोल्डरवर कुसुमताईंनी नाव घातलं होतं, 'केळशीची मुलगी, खेळ'. मनस्विनीने उघडलं. चार फोटोंत शमिका फळी काखेत धरून सरळ उभी, हसरी, लग्नाचं स्थळ म्हणून पाठवावी अशी. तीन फोटोंत रावजी, हातात क्रेट. एकात आवारातला पिवळा कुत्रा, थेट कॅमेऱ्याकडे बघणारा, डोळे टक्क उघडे. नववा फोटो मात्र तिला कळेना.

त्यात ओळीने माणसं उभी होती. रावजी, सखू, सागर, सगळे. सगळे मान वर करून क्रेटच्या वरच्या रिकाम्या आकाशाकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. पण खाली कोब्यावर, संध्याकाळच्या उन्हात, एका मुलीची लांबच लांब सावली पडली होती, हात पसरलेली, आणि तिच्या पायांखाली फळीची वेगळी सावली. तिचं एक टोक रावजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर चढलं होतं.

"आई, शमिका कुठे आहे?"

"काढली मी तिला. एवढा छान ग्रुप आलाय, एकाचे डोळे मिटलेले नाहीत, आणि ही मधेच आडवी. पाठमोरी, चेहराही दिसत नाही. खोडून टाकली. मग जेवणाची वेळ झाली, सावली राहिली."

एवढ्या रागातही मनस्विनीला हसू फुटलं. पासपोर्टवाला माणूस उठून बघायला आला आणि "भुताचा का?" असं विचारून परत जागेवर बसला.

"कॅमेऱ्याकडे तर कुणीच बघत नाहीये," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझा चौथा नियम?"

"विचार केला मी. निदान सगळे एका दिशेला बघतायत. लग्नात तेवढंही होत नाही."

"आणि रावजींचं तोंड?"

"त्यांचं कायमच उघडं असतं. त्याला कोण काय करणार?"

मग मनस्विनीला एकदम सुचलं. "आई, तू खोडलंस ते कशावर? मूळ फोटोवर?"

कुसुमताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने शिवीच दिली. "चांगला म्हणून ठेवलेल्या फोटोची मूळ प्रत मी कधी खोडीन? शेजारी आहे बघ, 'ग्रुप, मूळ'."

मनस्विनीने तो उघडला आणि खोलीतला पंखासुद्धा तिला ऐकू येईनासा झाला. शमिका होती. मनस्विनीच्या डोक्यावरून पुढे जाताना टिपलेली, म्हणून पाठमोरी, आकाशात, दोन्ही पाय वर ओढलेले, आणि फळी खाली अर्ध्या गिरकीत, चाकं वर. काल छोट्या पडद्यावर तिने निवडलेल्या फोटोत नुसती शमिका आणि आकाश होतं. इथे खाली सगळी माणसं होती. सखूचा हात तोंडापर्यंत येता येता थांबलेला. सागर चक्क चवड्यांवर उभा राहिलेला. रावजी असे, जणू वरून देव चाललाय. तो क्षण किती अवघड होता ते उडी बघून कळत नव्हतं, ते या चेहऱ्यांकडे बघून कळत होतं. आणि अकरा वर्षं फोटो काढून मनस्विनीने मागच्या माणसांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ते काम आईचं होतं.

पाच वाजून चाळीस. फोटो हललाय का बघायला तिने तो मोठा केला आणि डावीकडून एकेक चेहरा तपासत गेली. रावजी ठीक. सखू ठीक. वाडीतली मंडळी ठीक. अकरा चेहरे झाले. अगदी उजव्या कडेला, कलमाच्या झाडाआडून, बारावा.

निळी वायलची साडी. हातात पिशवी, पिशवीतून दुधी डोकावतोय. बाकी अकरा जण वर बघत होते. ही बारावी बाई वर बघत नव्हती. ती खाली, कोब्यावर पालथ्या पडलेल्या फोटोग्राफरकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्यात बघत होती. आणि तिचे डोळे उघडे होते.

"आई," मनस्विनी हळूच म्हणाली, "काल तू भाजीला गेली होतीस ना?"

"गेलेच होते. दुधी मिळाला."

"आंब्याच्या आवारात?"

कुसुमताईंनी कोकमाचा रिकामा ग्लास उचलला, त्यात काही नाही बघून खाली ठेवला. "महिनाभर रोज जातेस. कसल्या उड्या एवढ्या, म्हटलं बघावं. रिक्षा केली." मग म्हणाल्या, "उड्या काय, बऱ्या होत्या. मी तिला बघायला नव्हते आले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू अशी पालथी पडलेली. ती पोर तुझ्या डोक्यावरून जातेय. माझा जीव तोंडाशी आलेला. हाक मारली असती तर तू वळली असतीस, आणि मग?"

हरिहर काउंटर सोडून आले. ते पडद्याजवळ वाकले, चष्मा वर केला, परत खाली घेतला. "कुसुम," ते म्हणाले, "उघडे आलेत."

"त्या उडीच्या चाळिसात एकदाच," कुसुमताई म्हणाल्या. "सव्विसाव्याला. पंचविसाव्याला मिटलेले, सत्ताविसाव्याला मिटलेले. मी तीनदा तपासलं. म्हणून तर ग्रुप ठेवला. आणि ती मुलगी मधे नसती तर लोकांचं लक्ष जरा कडेला तरी गेलं असतं."

पाच पन्नास. आता धंद्यातल्या कुणालाही विचारा, खेळाच्या फोटोत कॅमेऱ्याकडे बघणारं माणूस म्हणजे भातातला खडा. उजवी कड बोटभर कापली की फोटो निर्दोष होत होता, आणि तेवढं कापायला परवानगीही होती. मनस्विनीने माउसची खूण त्या कडेवर नेली. मंगळुरू एका बोटावर होतं.

"काप मला," कुसुमताई म्हणाल्या. "पाठव लवकर. मी काय खेळात नाही."

मनस्विनीने खूण परत आणली. आईसाठी त्याग बिग करायचा तिचा काही विचार नव्हता. सेकंदाला चाळीसच्या वेगाने तिच्या आईची पापणी एकदा हरली होती, आणि असा फोटो कापणारी फोटोग्राफर तिला व्हायचं नव्हतं, एवढंच. पाच सत्तावन्नला फोटो गेला, मूळ फाइलसकट, चारी कडा शाबूत.

उत्तर आठ दिवसांनी आलं, शमिकाची सहावी फळी आली त्याच दिवशी. मनस्विनीची निवड झाली होती. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: यापुढे चौकटीत कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं टाळावीत. तिने ती मोठ्याने वाचून दाखवली.

"डोळे उघडे आहेत ना त्या बाईचे?" कुसुमताई पडद्यावरून मान न वळवता म्हणाल्या. "मग त्यांना कसली अडचण आहे?" त्या लोट्याच्या मुंजीतले लाडू टाकून देत होत्या.

स्टुडिओच्या काचेत आता नवरा-नवरींच्या मधोमध तो फोटो लावलेला आहे, दोन फूट बाय तीन फूट. येणारे-जाणारे थांबतात. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ही उडणारी कोण हो?"

"ती केळशीची," हरिहर म्हणाले. "पण तुम्ही इकडे बघा." त्यांनी काचेच्या उजव्या कोपऱ्यावर, दुधीच्या जरा वर, बोट ठेवलं. "याला चौतीस वर्षं लागली."